बसवनगुडीतली लाल गाडी आणि हीटरमागचा रंग

"बंगलोरला जायचं का?" असं सुहासनं विचारलं, तेव्हा मी आधी हो म्हणाले आणि मग कशासाठी ते विचारलं. तिथंच फसले. माझ्या डोळ्यांसमोर चिकपेटच्या रेशमी साड्या होत्या. त्याच्या डोळ्यांसमोर एका म्हाताऱ्या इंग्लिश गाडीचं पोट होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही कोल्हापूरचे. सुहास, म्हणजे माझा नवरा, एका फाउंड्रीत इंजिनिअर होता आणि उरलेल्या वेळात जुन्या गाड्यांच्या मागे वेडा होता. त्याच्या एका मित्राला बंगलोरच्या बसवनगुडी भागात, एका मराठी कुटुंबाच्या शेडमध्ये, दोन सीटांची, उघड्या टपाची लाल स्पोर्ट्स गाडी दिसली. विकायची होती म्हणे. (कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. लिहिलं की गाडीवाले वाचक कमेंटमध्ये एकमेकांच्या उरावर बसतात, हा अनुभव आहे.)

गाडी व्यंकटराव नावाच्या गृहस्थांची. तरुणपणी ते नोकरीसाठी इंग्लंडात होते. तिथं त्यांनी कंपनीत ऑर्डर देऊन ती बनवून घेतली आणि परत येताना बोटीनं मद्रासला उतरवली. आता ते नव्हते आणि त्यांच्या पत्नी गाडी विकत होत्या. त्या काळी गाडी घेताना साध्या गाडीवर आपल्याला हव्या त्या जास्तीच्या सोयी निवडता यायच्या. या गाडीवर तीन होत्या असं सांगितलं जात होतं: तारेची चाकं, हीटर आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर इंजिनाला दम न लागता पळता यावं म्हणून गिअरबॉक्सला लावलेली जोड.

"त्या खरंच कंपनीतून बसून आल्या असतील तर घ्यायची," सुहास म्हणाला. "नंतर कुणी इथं तिथं ठोकून बसवल्या असतील तर नमस्कार करून परत यायचं."

"आणि मी काय करायचं?"

"टॉर्च धरायचा."

मुलीला आईकडे सोडलं, डिकीत पान्यांची पेटी टाकली आणि डिसेंबरातल्या एका पहाटे आमच्या पांढऱ्या गाडीतून निघालो.

आज तुम्ही याच रस्त्यानं जाल तर सकाळी निघून संध्याकाळी बंगलोरात असाल. तेव्हा हायवे दोनच पदरी होता. समोरून ट्रक आला की दोघांपैकी एकानं मातीत उतरायचं, आणि ट्रक कधीच उतरायचा नाही. निपाणी ओलांडली, बेळगावात कुंदा घेतला, धारवाडला पेढे घेतले, हुबळीच्या गर्दीत रस्ता चुकलो. एका पोलिसाला मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये रस्ता विचारला, त्यानं अस्खलित मराठीत सांगितला.

दावणगेरेला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. इथला बेण्णे डोसा, म्हणजे लोण्याचा डोसा, खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. लाकडाच्या जाळावरचा मोठा तवा, त्यावर लोण्याचा गोळा, सोबत पांढरी चटणी आणि बटाट्याचा लगदा. दोघांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी मोजायला फार पैसे लागले नाहीत. त्या रात्री मुक्काम चित्रदुर्गला केला आणि सकाळी किल्ला बघितला. मोठमोठ्या शिळांमधून तटबंदी अशी वळत जाते की पुढं वाट आहे की नाही तेच कळत नाही. सुहास मात्र तटाकडे बघत म्हणाला, "हीटरचं भोक बघितलं की सगळं कळेल." मी त्याला तिथंच सोडून येणार होते.

तुमकूर सोडल्यावर क्यातसंद्रला ताटाएवढ्या पसरट इडल्या खाल्ल्या. तिथं थांबाच. यशवंतपूरच्या बाजूनं शहरात शिरलो. मॅजेस्टिक, म्हणजे मोठ्या बसस्टँडजवळच्या एका स्वच्छ, साध्या लॉजवर सामान टाकलं आणि रिक्षानं बसवनगुडीला निघालो.

तेव्हाचं बसवनगुडी म्हणजे दुतर्फा झाडं, बैठी घरं आणि दर वळणावर कॉफीचा वास. अक्कांचं घरही तसंच होतं, अंगणात बटर फ्रूटचं, म्हणजे ॲव्होकॅडोचं, मोठं झाड. व्यंकटरावांच्या पत्नींना सगळे अक्काच म्हणत. साठीच्या आतबाहेरच्या, बारीक अंगाच्या, लाल काठाची पांढरी साडी नेसलेल्या. त्यांची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडं गेलेली, पण घरात मराठीच, आपल्यापेक्षा जरा वेगळ्या चालीची.

"या, या. दूरचा प्रवास झाला. स्वल्प बसा, कॉफी आणते," त्या म्हणाल्या. स्वल्प म्हणजे जरा. "मग गाडी बघा. ह्यांनी सगळं कंपनीतून बसवून आणलेलं आहे. ते नेहमी सांगायचे."

"नेहमी सांगायचे, तेच तर," कोपऱ्यातून आवाज आला.

हे गोपाळराव, व्यंकटरावांचे धाकटे भाऊ. एका गल्लीपलीकडे राहायचे आणि वहिनीच्या व्यवहारात लक्ष घालायला आले होते. गोरे, उंच, तोंडात सुपारी. ते सुहासला म्हणाले, "हे बघा, स्पष्ट सांगतो. काही ओरिजिनल नाही. तो हीटर, ती चाकं, सगळं आमच्या अण्णानं इथंच नंतर बसवलेलं. आहे तशी घ्यायची तर घ्या. खोलाखोली करू नका."

अण्णा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, व्यंकटराव. मी आणि सुहासनं एकमेकांकडे बघितलं. गाडी विकणाऱ्या घरातलाच माणूस गाडीला नावं ठेवतोय, हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

अक्कांचा चेहरा उतरला. "गोपाळ, ते काय खोटं बोलायचे?"

"मी तसं नाही म्हणत, वहिनी. पण दुसरं गिऱ्हाईक तयार आहे ना? ते काही उघडून बघत नाहीत."

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक हॉटेलवाला. म्हैसूर रस्त्यावर त्याचं नवीन हॉटेल होत होतं आणि दारात खांबावर ही गाडी चढवून ठेवायची त्याची कल्पना होती. इंजिन काढून टाकणार होता, वजन कमी व्हावं म्हणून.

अक्कांनी कॉफीचे पेले आमच्या हातात दिले. "मला खांब नको," त्या म्हणाल्या. "आणि हेही नको की माणूस गेल्यावर त्याच्या माघारी कुणी म्हणावं, फुशारकी मारायचा. सुहास, तुम्ही तपासा. सगळं उघडा. ह्यांचा शब्द खरा निघाला तर गाडी तुमची. खोटा निघाला तर खांबावर चढू दे."

गोपाळरावांनी तोंडात आणखी एक सुपारीचं खांड टाकलं.

शेडचं दार उघडलं आणि मला पहिल्यांदा कळलं की सुहास एवढ्या लांब का आला. धुळीखालीसुद्धा ती गाडी एखाद्या पळायच्या बेतातल्या प्राण्यासारखी दिसत होती. लांब नाक, गोल दिवे, दाराची कड कोपर टेकवता येईल एवढी खाली. आणि लाल, अगदी कुंकवासारखी.

त्या संध्याकाळी सुहास अंधार पडेपर्यंत गाडीखाली होता आणि मी खरोखरच टॉर्च धरून उकिडवी बसले होते. चाकांचा निकाल लवकर लागला. तारेच्या चाकांसाठी कंपनी मागचा ॲक्सलच वेगळा, जरा आखूड बसवायची. नुसती चाकं बदलणाऱ्याच्या गाडीला तो नसतो. या गाडीला होता. ओव्हरड्राइव्हची तार कापडात गुंडाळलेल्या, कंपनीच्या तारांच्या मूळ जुडग्यातूनच निघत होती, कुठंही जोड नव्हता.

"दोन खऱ्या," सुहास गाडीखालून म्हणाला.

अक्का दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि त्या दिवशी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बिसीबेळे भात, वर तूप, कोशिंबीर. जेवताना त्यांनी सांगितलं की लग्नानंतर दोघं याच गाडीतून नंदी हिल्सला जायचे आणि हीटर लावून टप उघडा ठेवायचे. "पाय भाजायचे आणि कान गोठायचे," त्या हसत म्हणाल्या.

"लाल रंग तुमच्या आवडीचा का?" मी सहज विचारलं.

"ह्यांच्या आवडीचा," अक्का म्हणाल्या. "मला बघायला आले तेव्हा ह्यांनी विचारलं, तुम्हाला कोणता रंग आवडतो? मी लाल म्हणाले. लग्नानंतर गाडी दाखवली तर ती लाल! म्हणाले, बघ, तुझा रंग मी इंग्लंडातच निवडून ठेवला होता."

गोपाळरावांना ठसका लागला. मी पाणी पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हीटर उघडायचा ठरला. आम्ही पोचलो तर गोपाळराव आमच्या आधी हजर. "दोन गोष्टी खऱ्या निघाल्या ना? झालं की मग. हीटर राहू द्या, जुना आहे, तुटेल."

"तुटला तर मी नीट करीन," सुहास म्हणाला.

"दाराची पॅनेलं तरी काढू नका. कापड फाटेल."

"नाही काढत. हीटरच बघतो."

सुहास माझ्या कानाशी पुटपुटला, "हा माणूस काहीतरी लपवतोय." मलाही तसंच वाटत होतं. हीटर चोरीचा असेल का, गाडी अपघातात चेपली असेल का, असले विचार डोक्यात येऊन गेले.

हीटर कसा तपासायचा ते सुहासनं अक्कांना समजावलं, म्हणून मलाही कळलं. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये एक पत्रा असतो. त्यात हीटरसाठी भोकं लागतात. कंपनीत आधी भोकं पडतात, मग गाडी रंगते, मग हीटर बसतो. म्हणजे भोकाच्या कडेवर रंग चढलेला असला तर हीटर कंपनीचा. कड उघडी, गंजलेली असली तर नंतर कुणीतरी ड्रिल मारलेलं.

स्क्रू जाम होते. रॉकेल सोडून वाट बघितली. तोवर अक्कांनी सगळ्यांना खारा भात, म्हणजे तिकडचा भाज्या घातलेला उपमा, आणि पुन्हा कॉफी दिली. शेवटी पेटी हलली. सुहासनं ती अलगद बाजूला काढली, फडक्यानं पत्रा पुसला आणि हात पुढं केला. मी टॉर्च दिला.

त्यानं एकेक भोक बघितलं, मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

"काय झालं?" अक्कांनी विचारलं.

"कडेवर रंग आहे," तो म्हणाला. "भोकं कंपनीचीच. हीटर कंपनीचाच. तुमच्या मिस्टरांनी सांगितलेलं तिन्ही खरं आहे, अक्का."

अक्कांनी हात जोडून कपाळाला लावले.

"पण," सुहास म्हणाला आणि थांबला. त्याला गप्प बसता आलं असतं. आज वाटतं, बरं झालं त्याला ते कधी जमलंच नाही. "पण रंग लाल नाही."

आम्ही सगळे वाकलो. हीटरच्या पेटीएवढा चौकोन, आणि त्यात इतकी वर्षं उजेड न लागलेला, स्वच्छ, फिकट हिरवा रंग. कच्च्या पेरूच्या आतल्या बाजूसारखा. भोकांच्या कडांवरूनही तोच वळून आत गेलेला. त्या चौकोनाबाहेर सगळीकडे लाल.

"म्हणजे गाडी हिरवी आली होती," सुहास हळूच म्हणाला. "लाल नंतर केली."

मग अक्का वळल्या आणि गोपाळरावांकडे बघायला लागल्या.

गोपाळरावांनी सुपारी थुंकली. "म्हणून सांगत होतो, उघडू नका म्हणून," ते म्हणाले. आवाजातला सगळा तोरा गेला होता. "अण्णानं मला शपथ घातली होती, वहिनी. तुम्हाला बघून घरी आला, रात्रभर हसत होता. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन पेंटरकडे. मी म्हटलं, अरे, नवी कोरी गाडी, एवढ्या हौसेनं निवडलेला रंग! तर म्हणाला, तिला लाल आवडतो. बाबा किती चिडले होते. अण्णानं सगळ्यांना बजावलं, तिला कुणी सांगायचं नाही. तिला वाटू दे, आधीच ठरलेलं होतं."

आम्ही चोर समजत होतो तो माणूस भावाचं गुपित सांभाळत होता. हॉटेलवाला त्याला एवढ्याचसाठी बरा वाटत होता, की तो काही उघडणार नव्हता.

अक्का शेडमधल्या लाकडी स्टुलावर बसल्या. मला वाटलं रडतील. त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि मग कळलं की त्या हसतायत. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"मला लाल आवडतच नाही!" त्या म्हणाल्या.

"काय?" आम्ही तिघंही एकदम.

"अहो, बघायला आलेल्या माणसासमोर मान वर करून बसायची पद्धत होती काय? मान खाली. आमच्या घरची जमीन लाल, घोटून घोटून चकचकीत केलेली. ह्यांनी विचारलं कोणता रंग, मला काही सुचेना. समोर जमीन दिसत होती. तोंडातून लाल निघून गेलं!" त्यांनी डोळे पुसले. "मग गाडी लाल बघितली. मला वाटलं, ह्यांनाच फार आवडतो. म्हणून जन्मभर लाल काठ नेसले. ह्यांच्यासाठी."

गोपाळराव भिंतीला टेकून हसायला लागले. सुहासही.

हसू ओसरल्यावर अक्का उठल्या आणि त्या हिरव्या चौकोनावरून बोट फिरवत राहिल्या.

व्यवहार तिथंच ठरला. पण बाहेर अंगणात आल्यावर सुहासनं जे म्हटलं ते ऐकून मी चाट पडले. मूळ स्क्रूच्या जागी दुसरा स्क्रू दिसला तरी ज्याची झोप उडते, तो माणूस म्हणाला, "अक्का, गाडी मी लालच ठेवतो. जुन्या गाड्यांच्या नियमाप्रमाणे मूळ रंगात, हिरवी करायला हवी. पण हा रंग त्यांनी तुमच्यासाठी दिला होता. तो खरवडायला माझा हात धजणार नाही."

मलाही तेच हवं होतं. अक्कांनी मान हलवली.

"नको. हिरवी कर," त्या म्हणाल्या. आदल्या दिवशीचं 'तुम्ही' तोवर गळून पडलं होतं. "ह्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मी इतकी वर्षं बघितलं. ह्यांना स्वतःला काय आवडलं होतं, ते मी एकदाही बघितलं नाही. ते बघू दे मला."

"सरी," गोपाळराव म्हणाले. सरी म्हणजे बरं.

त्या दुपारी मला चिकपेट मिळालं. ही माझी अट होती आणि सुहासनं ती पाळली. चिकपेटला गाडी नेण्याचा विचारही करू नका, चालतच फिरायचं. दुकानात गादीवर बसायचं, साड्यांचा डोंगर होऊ द्यायचा आणि घाई करायची नाही. दुकानदारानं विचारलं, "कलर कोणता, अक्का?" तिकडं कुणाही बाईला अक्काच म्हणतात. मी तोंड उघडलं आणि थांबले. सुहासला निळा आवडतो म्हणून मी कायम निळंच घेत आले होते.

"तुला निळा आवडतो ना रे?" मी विचारलं.

तो कसनुसा झाला. "तुला आवडतो म्हणून मी आवडून घेतला."

आम्ही दोघं भर दुकानात इतके हसलो की दुकानदारानं बहुतेक आमचा नाद सोडला. शेवटी मी पिवळी घेतली. मला पिवळा आवडतो. परतीच्या अख्ख्या रस्त्यावर आमचा तोच खेळ चालला. सिरा येईपर्यंत कळलं की वाढदिवसाला मी करते तो साखरभात त्याला अजिबात आवडत नाही. हिरियूरपर्यंत त्याला कळलं की तो भात मलाही आवडत नाही. हुबळीच्या आधी एकदा खरं भांडण झालं, ते त्याच्या आईच्या लोणच्यावरून, त्याबद्दल लिहीत नाही.

गाडी ट्रकमधून कोल्हापूरला आली. रंग जुळवणं सोपं गेलं नाही. उद्यमनगरमधल्या पेंटरनं दिलेले नमुने सुहास उन्हात, सावलीत, हीटरमागच्या त्या चौकोनाशी लावून बघायचा आणि परत पाठवायचा. बरेच महिने गेले. एकदा पेंटर मला म्हणाला, "वहिनी, साहेबांना घरात काही त्रास नाही ना?"

पुढच्या थंडीत अक्का आणि गोपाळराव अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून आले. देवळातून थेट आमच्याकडे. सुहासनं गाडी दारात आणून ठेवली होती. सकाळच्या उन्हात तो हिरवा इतका कोवळा दिसत होता की शेजारच्या काकूसुद्धा गच्चीतून बघत होत्या.

अक्कांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून आत बसल्या, पदर कानांवरून घट्ट गुंडाळला. सुहासनं टप खाली केला, हीटर लावला, आणि दोघं रंकाळ्याकडे निघून गेले. गोपाळराव आणि मी दारात वाट बघत उभे राहिलो. ते चुळबूळ करत होते. "आवडली नाही तर?" एवढंच दोनदा म्हणाले.

गाडी परत आली. अक्कांचे केस विस्कटले होते, नाक लाल झालं होतं. गोपाळरावांनी हात धरून त्यांना उतरवलं.

"कसा वाटला रंग, वहिनी?"

अक्कांनी दारावर हात ठेवला.

"स्वल्प फिका आहे," त्या म्हणाल्या. "पण ह्यांना शोभला असता."